सुट्टीनंतर लॅब उघडली: २४ मशीन्स, उबंटू २४.०४, आणि व्हर्च्युअलबॉक्सचे चार वेगळे एरर

तापीकाठ (चोपडा)

राम राम मंडळी. कॉलेजच्या लॅबचा प्रश्न आहे. लांब आहे, पण सगळा तपशील एकदाच देते. आज्ञा मी देवनागरीत लिहिते आहे, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाकायच्या.

२४ मशीन्स, सगळ्या इंटेल आय-५, ८ जीबी रॅम, उबंटू २४.०४ डेस्कटॉप. त्यातल्या १५ जुन्या, ९ या उन्हाळ्यात आलेल्या. नव्या नऊंवर जुन्या मशीनची डिस्क क्लोनझिलाने जशीच्या तशी उतरवली आहे. व्हर्च्युअलबॉक्स ७.० (एका मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) उबंटूच्याच भांडारातलं. आतमध्ये गेस्ट, म्हणजे आभासी मशीन, म्हणून उबंटू सर्व्हर, नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलसाठी. सुट्टीत मशीन्सनी आपोआप अपडेट घेतले, आणि मधे लाईट बऱ्याचदा गेली. यूपीएस फक्त सर्व्हरला आहे.

आता परिस्थिती अशी:

नव्या ९ मशीन्स: "कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड (आरसी=-१९०८)".

जुन्यांपैकी १२: "व्हेर_व्हीएमएक्स_इन_व्हीएमएक्स_रूट_मोड".

जुन्यांपैकी १: "व्हेर_व्हीएमएक्स_एमएसआर_ऑल_व्हीएमएक्स_डिसेबल्ड". याच मशीनवर अ‍ॅप्ट अपडेट (पॅकेजांची यादी ताजी करणारी आज्ञा) दिलं की "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट" असंही येतं.

जुन्यांपैकी २: व्हर्च्युअलबॉक्स उघडतं, पण यादीत मशीनच्या नावापुढे "इनअ‍ॅक्सेसिबल". तपशिलात .व्हीबॉक्स फाइल वाचता येत नाही, -१०२.

व्हर्च्युअलबॉक्स काढून पुन्हा टाकून पाहिलं, फरक नाही. विद्यापीठाची प्रॅक्टिकल्स तोंडावर आहेत. सगळ्या २४ फॉरमॅट करून नव्याने घ्यायच्या की दुरुस्त होतील?


हतनूर (भुसावळ)

ताई, एकही मशीन फॉरमॅट करू नका. हा एक आजार नाही, चार वेगवेगळ्या थरांवरचे चार बिघाड आहेत. बायॉस (मदरबोर्डवरची मूळ सेटिंग), कर्नल मॉड्यूलची सही (कर्नल म्हणजे उबंटूचा गाभा, मॉड्यूल म्हणजे त्यात भरला जाणारा भाग), केव्हीएमशी (लिनक्सची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) भांडण, आणि लाईट गेल्याने रिकामी झालेली फाइल. व्हर्च्युअलबॉक्स पुन्हा टाकल्याने यातलं एकही जात नाही, कारण बिघाड व्हर्च्युअलबॉक्समध्ये नाहीच.

सर्वात सोपं आधी. "ऑल_व्हीएमएक्स_डिसेबल्ड" आणि "नॉट व्हॅलिड येट" हे दोन्ही एकाच मशीनवर आले याचा अर्थ मदरबोर्डवरचा सेल संपला. सेल संपलेला असताना लाईट गेली की बायॉस मूळ सेटिंगवर जातं: घड्याळ काही वर्षं मागे आणि बऱ्याच बोर्डांवर व्हर्च्युअलायझेशन बंद. अ‍ॅप्टला वाटतं भांडाराची यादी भविष्यातली आहे, म्हणून तो नकार देतो.

मशीनची केबल भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पाचसात सेकंद दाबून धरा, सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदला, अधिक चिन्ह वर. मग बायॉसमध्ये तारीख-वेळ लावा, "इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी" एनेबल करा, आणि साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) पूर्वी होता तोच आहे ना ते पाहा. एएचसीआयचा रेड झाला असेल तर उबंटूला डिस्कच दिसणार नाही आणि डिस्क गेली असा गैरसमज होतो. सेव्ह करून मशीन पूर्ण बंद करा, नुसतं रिस्टार्ट नको. काही बोर्डांवर हे सेटिंग थंड सुरुवातीनंतरच लागू होतं. तपासायला:

एलएससीपीयू | ग्रेप व्हर्च्युअलायझेशन

"व्हीटी-एक्स" इथे दिसलं पाहिजे, नव्या कर्नलवर बायॉसमध्ये बंद असेल तर ते दिसत नाही. आणखी पुरावा कर्नलच्या नोंदीत:

सुडो जर्नलसीटीएल -के | ग्रेप -आय -ई केव्हीएम -ई व्हीएमएक्स

तिथे "डिसेबल्ड बाय बायॉस" अशी ओळ नसली पाहिजे. पंधराही जुन्या मशीन्स एकाच खरेदीतल्या असतील तर पंधराही सेल आत्ताच बदलून टाका. बाकी चौदा त्याच वाटेवर आहेत.

बाकीच्यांसाठी एका नव्या आणि एका जुन्या मशीनवरून एवढं पाठवा:

यूनेम -आर
डीकेएमएस स्टेटस
मॉकयूटिल --एसबी-स्टेट
एलएसमॉड | ग्रेप -ई व्हीबॉक्स -ई केव्हीएम
सुडो मॉडप्रोब व्हीबॉक्सडीआरव्ही


तापीकाठ (चोपडा)

धन्यवाद दादा. सेलवालं मशीन तारखेसकट जागेवर आलं, मात्र आता त्यावरही रूट मोडचाच एरर आहे.

जुनी: कर्नल ६.१४. डीकेएमएसमध्ये व्हर्च्युअलबॉक्स "इन्स्टॉल्ड". सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणारी सोय) "डिसेबल्ड". एलएसमॉडमध्ये व्हीबॉक्सडीआरव्ही आहे, केव्हीएम_इंटेल आणि केव्हीएम पण आहेत. मॉडप्रोब काही न बोलता परत येतं.

नवी: कर्नल तोच, डीकेएमएस "इन्स्टॉल्ड", सिक्युअर बूट "एनेबल्ड". मॉडप्रोब दिलं की "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस".


सातपुडा६४ (यावल)

नव्या नऊंवर बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा, दहा मिनिटांत मोकळे.


पांझराकाठ (धुळे)

सिक्युअर बूट बंद करून एरर जाईल हे खरं, पण या लॅबमध्ये तो उपाय टिकणार नाही. वर हतनूरभाऊंनी सेलचं सांगितलंच आहे. ज्या दिवशी त्या नऊंपैकी एखाद्याचा सेल जाईल, बायॉस मूळ सेटिंगवर येईल, सिक्युअर बूट परत चालू होईल, आणि परीक्षेच्या सकाळी तोच -१९०८ समोर उभा. शिवाय एखाद्या मशीनवर विंडोज शेजारी असेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) लागलेलं असेल, तर सिक्युअर बूटला हात लावल्याबरोबर ते रिकव्हरी की मागतं. सही करून घेणं हेच बरं.

ताई, एक गोठ ध्यानमा ठेवा: व्हीबॉक्सडीआरव्ही हे मॉड्यूल उबंटूने स्वतः सही करून दिलेलं नसतं. डीकेएमएस ते तुमच्या मशीनवर तयार करतं आणि मशीनवरच्याच एका किल्लीने सही करतं. ती किल्ली इथे असते:

/व्हार/लिब/शिम-साइन्ड/मॉक/

तिचा सार्वजनिक भाग, मॉक.डीईआर (मॉक म्हणजे मशीन ओनर की), मदरबोर्डच्या स्मृतीत नोंदवावा लागतो. क्लोनझिलाने डिस्क उतरवली तेव्हा किल्ली आली, सही केलेलं मॉड्यूलही आलं, पण नोंद आली नाही, कारण नोंद डिस्कवर नसतेच. जुन्यांवर सिक्युअर बूट बंद होतं म्हणून तिथे कधी विचारणाच झाली नाही. नव्या कारखान्यातून चालू ठेवून आल्या. एवढाच फरक.

नव्या प्रत्येक मशीनवर आधी मॉड्यूलवर सही आहे का पहा:

मॉडइन्फो व्हीबॉक्सडीआरव्ही | ग्रेप साइनर

ओळ आली तर पुढच्या आज्ञेवर जा. काहीच आलं नाही तर किल्लीच नाही. ती तयार करून मॉड्यूल पुन्हा बांधून घ्या:

सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --न्यू-की
सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर व्हर्च्युअलबॉक्स-डीकेएमएस

मग नोंदणी:

सुडो मॉकयूटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मॉक/मॉक.डीईआर

एक पासवर्ड दोनदा विचारेल. तो फक्त पुढच्या एका बूटपुरता आहे. साधी लहान अक्षरं आणि आकडे ठेवा, कारण पुढच्या निळ्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो आणि चिन्हं भलत्याच ठिकाणी सापडतात.

रिस्टार्ट केलं की उबंटूच्या आधी निळा पडदा येतो आणि कोणतीही कळ दाबायला १० सेकंद देतो. सगळे इथेच चुकतात. कळ दाबली नाही तर मशीन सरळ उबंटूत जातं आणि नोंदणीची विनंती पुसली जाते. मग इम्पोर्टपासून परत. कळ दाबल्यावर: "एनरोल मॉक", "कंटिन्यू", "येस", पासवर्ड, "रीबूट". हे एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून जोडून) होत नाही, प्रत्येक मशीनसमोर बसावंच लागतं. सिक्युअर बूटचा सगळा अर्थच तो आहे की समोर बसलेला माणूस होकार देतो.

परत आल्यावर:

मॉकयूटिल --टेस्ट-की /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मॉक/मॉक.डीईआर

"ऑलरेडी एनरोल्ड" आलं की झालं. मॉडप्रोब आता बिनतक्रार चालेल. पुढचा कर्नल आला तरी पुन्हा नोंदणी लागत नाही, तीच किल्ली सही करत राहते. फक्त हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) मात्र कर्नलसोबत आले पाहिजेत, म्हणून हे पॅकेज सगळ्या चोवीसांवर असू द्या:

सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४

आणि एक खास सूचना. -१९०८ गेला की त्याच नऊंवर रूट मोडचा एरर दिसेल. कर्नल तोच आहे ना. तेव्हा "मी काहीतरी बिघडवलं" असं समजून सही उलटवू नका. तुम्ही एक पायरी पुढे आलेल्या असाल.


सातपुडा६४ (यावल)

सेलचा मुद्दा पटला. माझं उत्तर मागे घेतो.


हतनूर (भुसावळ)

आता रूट मोड. यात चूक कुणाची नाही, कर्नलची वागणूक बदलली आहे.

इंटेलच्या प्रोसेसरवर व्हर्च्युअल मशीन चालवायचं तर प्रोसेसरला आधी एका खास अवस्थेत न्यावं लागतं, आणि त्या अवस्थेची मालकी एका वेळी एकाचीच. कर्नल ६.११ पर्यंत केव्हीएम_इंटेल मॉड्यूल नुसतं भरलेलं असलं तरी मालकी घेत नसे. केव्हीएमचं पहिलं गेस्ट सुरू झालं की मगच घेई. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी सुखाने नांदत. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ पासून केव्हीएम मॉड्यूल भरल्याक्षणीच मालकी घेतं, आणि प्रोसेसर दिसला की ते मॉड्यूल आपोआप भरलं जातं. तुमच्या मशीन्स २४.०४ च्या मूळ ६.८ वरून अपडेट होत होत ६.१४ वर आल्या, तेव्हा हा उंबरठा ओलांडला गेला. एएमडीच्या मशीनवर हाच प्रकार "व्हेर_एसव्हीएम_इन_यूज" या नावाने येतो.

निदान खात्रीचं करायला एका मशीनवर:

सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल केव्हीएम

आणि गेस्ट सुरू करा. चालू झालं म्हणजे रोग हाच. "मॉड्यूल इन यूज" आलं तर केव्हीएम कुणीतरी खरंच वापरतंय: अँड्रॉइडचा एम्युलेटर, ग्नोम बॉक्सेस, डॉकर डेस्कटॉप. सुडो एलएसओएफ /डेव्ह/केव्हीएम दिलं की नाव कळतं.

हे रिस्टार्टपर्यंतच टिकतं. कायमसाठी लोक ब्लॅकलिस्ट सुचवतात. ते आपोआप भरणं थांबवतं, पण मशीनवर क्यूईएमयूची (केव्हीएमसोबत वापरल्या जाणाऱ्या एम्युलेटरची) सेवा असेल तर ती नाव घेऊन मॉड्यूल भरते आणि ब्लॅकलिस्ट वाया जाते. त्यापेक्षा केव्हीएमला जुनी वागणूक द्या:

एको "ऑप्शन्स केव्हीएम एनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड=०" | सुडो टी /ईटीसी/मॉडप्रोब.डी/केव्हीएम-व्हीबॉक्स.कॉन्फ

रिस्टार्ट, आणि तपासणी:

कॅट /सिस/मॉड्यूल/केव्हीएम/पॅरामीटर्स/एनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड

उत्तर मोठं "एन" आलं पाहिजे. "वाय" आलं तर फाइलच्या नावाशेवटी .कॉन्फ आहे का आणि पर्यायाचं स्पेलिंग बरोबर आहे का ते बघा. या सेटिंगने केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स दोन्ही मशीनवर राहू शकतात, एकाच वेळी चालवायचे नाहीत इतकंच. ग्रबच्या (बूट होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड=० टाकूनही हेच होतं, पण २२-२४ मशीन्सवर ग्रबची फाइल हाताने बदलण्यात एखादं अवतरणचिन्ह सुटण्याचा धोका आहे. वेगळी छोटी फाइल एसएसएचने सगळीकडे टाकणं सुरक्षित.

दुसरा रस्ताही सांगतो. जुन्या पंधरांचं हार्डवेअर जुनंच आहे, त्यांना ६.१४ ची गरज नाही. त्यांना मूळ ६.८ वर ठेवलं तर हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि त्या कर्नलला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. लिनक्स-जेनेरिक टाका, त्या कर्नलवर बूट करून पहा, आणि मगच एचडब्ल्यूईची (नव्या हार्डवेअरसाठीच्या नव्या कर्नलची) पॅकेजेस आणि ६.१४ काढा, ग्रब नेहमी मोठ्या क्रमांकाचा कर्नल उचलतं, म्हणून तो शिल्लक राहता कामा नये. नव्या नऊंवर हे करू नका, त्यांच्या ग्राफिक्सला किंवा वायफायला नवा कर्नल लागत असेल.

मी तुमच्या जागी परीक्षेआधी फक्त ती छोटी फाइल टाकली असती आणि कर्नल गोठवला असता:

सुडो अ‍ॅप्ट-मार्क होल्ड लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४ लिनक्स-इमेज-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४ लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४

प्रॅक्टिकल्स संपली की त्याच दिवशी अनहोल्ड. गोठवलेला कर्नल म्हणजे थांबलेले सुरक्षा अपडेट, ते महिनोन्महिने विसरून चालणार नाही.


तोरणमाळ (नंदुरबार)

उरलेल्या दोन "इनअ‍ॅक्सेसिबल" मशीन्सबद्दल. त्यांना हात लावताना घाई नको, इथे चुकलं तर विद्यार्थ्यांचं काम जातं.

व्हर्च्युअल मशीनच्या फोल्डरमध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात. .व्हीडीआय ही डिस्क, आणि .व्हीबॉक्स ही सेटिंगची साधी मजकुराची फाइल. व्हर्च्युअलबॉक्स सेटिंग लिहिताना आधीची प्रत .व्हीबॉक्स-प्रेव्ह या नावाने ठेवतं. लिहिलेला मजकूर डिस्कवर खरोखर पोचायला काही सेकंद लागतात, तोवर तो मेमरीत असतो. त्या सेकंदांत लाईट गेली की नाव राहतं, आत शून्य बाइट, किंवा नवी फाइल जागेवर आलेलीच नसते. -१०२ म्हणजे "फाइल सापडली नाही", तुमच्याकडे बहुधा दुसरा प्रकार झालाय.

व्हर्च्युअलबॉक्सच्या सगळ्या खिडक्या बंद करा. तरी मागे व्हीबॉक्सएसव्हीसी हा व्हर्च्युअलबॉक्सचा न दिसणारा प्रोग्राम काही सेकंद चालू राहतो आणि तो जिवंत असताना केलेला बदल तो पुसून टाकू शकतो. म्हणून:

पीग्रेप -ए व्हीबॉक्स

रिकामं उत्तर आल्यावरच पुढे. मग सगळ्या फोल्डरची प्रत बाजूला, सीपी -ए ने. त्यानंतर एलएस -एल करून .व्हीबॉक्स-प्रेव्हचा आकार बघा. काही किलोबाइट असेल तर:

सीपी नाव.व्हीबॉक्स-प्रेव्ह नाव.व्हीबॉक्स

व्हर्च्युअलबॉक्स उघडा, यादीतल्या मशीनवर "रिफ्रेश". बहुतेक वेळा इथेच संपतं.

दोन्ही फाइली रिकाम्या असतील तर नवं मशीन बनवून जुनी .व्हीडीआय जोडायची. पण थांबा: फोल्डरमध्ये "स्नॅपशॉट्स" नावाचं फोल्डर आहे का आणि त्यात .व्हीडीआय फाइली आहेत का ते आधी बघा. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणीची जपलेली अवस्था) घेतलेला असेल तर ताजं काम त्या फाइलींत असतं, मूळ .व्हीडीआयमध्ये स्नॅपशॉटच्या दिवसापर्यंतचंच. मूळ डिस्क एकटी जोडून गेस्ट सुरू केलं तर त्या डिस्कवर लिहिलं जातं, आणि तिच्यावर आधारलेले सगळे स्नॅपशॉट कायमचे निकामी होतात. अशा वेळी मूळला हात न लावता फक्त प्रतीवर काम करा.

स्नॅपशॉट नसतील तर सरळ आहे. नवं मशीन, "विद्यमान डिस्क वापरा", कंट्रोलर साटा, आणि पूर्वी ईएफआय (बूटची नवी पद्धत) असेल तर ईएफआयची खूण. ती राहिली तर गेस्ट "बूट करण्याजोगं काही नाही" म्हणेल आणि डिस्क खराब झाली असं वाटेल. गेस्ट वर आल्यावर त्याची फाइल सिस्टिम एकदा एफएससीके या तपासणीच्या साधनातून काढा.

लाईटचं काय करायचं? २४ यूपीएस मिळणं कॉलेजात अवघड, हे माहीत आहे. निदान यजमान (बाहेरचं, खरं) मशीन रीतसर बंद होताना गेस्ट तरी नीट बंद होऊ दे. /ईटीसी/डिफॉल्ट/व्हर्च्युअलबॉक्स या फाइलीत:

शटडाउन_यूजर्स="ऑल"
शटडाउन=एसीपीआयबटन

दोन्ही डाव्या बाजू मोठ्या लिपीत. याने अचानक गेलेली लाईट थांबत नाही, पण तास संपताना मुलं गेस्ट चालू ठेवून मशीन बंद करतात त्या रोजच्या प्रकाराला आळा बसतो. जिथे यूपीएस आहे तिथे त्याची यूएसबी केबल मशीनला जोडा आणि नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा. बॅटरी खाली आली की मशीन स्वतःहून रीतसर बंद होतं. बऱ्याच ठिकाणी ती केबल खोक्यातच पडून असते.


गिरणामाई (चाळीसगाव)

मधेच विचारतो, माफ करा. व्हर्च्युअलबॉक्स नाही, लिबव्हर्टवर (केव्हीएमची मशीन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे. होममध्ये ठेवलेली क्यूकाऊ२ (आभासी डिस्कची) फाइल उघडताना "परमिशन डिनाइड". सुडोने सगळ्यांना ७७७ (पूर्ण परवानगी) दिलं तरी तेच. आणि "नेटवर्क डिफॉल्ट इज नॉट अ‍ॅक्टिव्ह" हेही येतं.


तोरणमाळ (नंदुरबार)

भाऊ, ७७७ आधी मागे घ्या. गेस्ट लिबव्हर्ट-क्यूईएमयू या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं आणि उबंटूत २१.०४ पासून होम फोल्डर ७५० असतं, म्हणजे त्या वापरकर्त्याला दारातूनच आत येता येत नाही. आतल्या फाइलीची परवानगी कितीही सैल केली तरी उपयोग शून्य. फाइल /व्हार/लिब/लिबव्हर्ट/इमेजेस मध्ये हलवा, व्हर्ट-मॅनेजरमध्ये नवा रस्ता द्या, संपलं.

नेटवर्कसाठी:

सुडो व्हर्श नेट-स्टार्ट डिफॉल्ट
सुडो व्हर्श नेट-ऑटोस्टार्ट डिफॉल्ट

"ऑलरेडी इन यूज" म्हणालं तर तुमच्या एखाद्या जाळ्याचा पत्ता १९२.१६८.१२२.० हाच आहे. व्हर्श नेट-एडिट डिफॉल्ट करून १२२ च्या जागी दुसरा आकडा घाला, गेटवेच्या ओळीत आणि डीएचसीपीच्या (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) दोन्ही टोकांना.


तापीकाठ (चोपडा)

मंडळी, २४ पैकी २३ सुरू. नव्या नऊंवर किल्ली नोंदवली, आणि सांगितल्याप्रमाणे लगेच रूट मोड आला, त्या फाइलीने तोही गेला. दोन इनअ‍ॅक्सेसिबलपैकी एक .व्हीबॉक्स-प्रेव्हने उठलं. दुसऱ्यावर स्नॅपशॉट आहेत आणि दोन्ही फाइली रिकाम्या. प्रत काढून बाजूला ठेवली आहे, मूळ चालू केलेलं नाही.

आता दोन गोष्टी. एक: होस्ट-ओन्ली (फक्त यजमान आणि गेस्टपुरत्या) जाळ्याला १०.१०.५.१ हा पत्ता देते तर "अ‍ॅक्सेस डिनाइड". प्रॅक्टिकलच्या वहीत हाच पत्ता छापलाय. दोन: ब्रिज्डवर (गेस्ट थेट बाहेरच्या जाळ्यावर) ठेवलं तर सगळ्या गेस्टना एकच आयपी मिळतो. मॅक (नेटवर्क कार्डाचे) पत्ते बदलले, तरी तेच.

आणि दुपारी दोननंतर काही गेस्ट फार हळू चालतात, सकाळी तेच ठीक असतात. सेटिंग चुकलंय का?


हतनूर (भुसावळ)

तिसरं आधी: सकाळी ठीक आणि दुपारी हळू म्हणजे सेटिंग नव्हे, ऊन. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या पुढे जातं आणि एसी नसलेल्या लॅबमध्ये प्रोसेसरला थंड व्हायला वाव उरत नाही. जर्नलसीटीएल -के मध्ये "सीपीयू क्लॉक इज थ्रॉटल्ड" शोधा, एलएम-सेन्सर्स टाकून सेन्सर्स चालवा. ९०-९५ दिसत असेल तर पंख्यातली धूळ काढा, जुन्या मशीन्सची थर्मल पेस्ट बदला. गेस्टला प्रोसेसरच्या प्रत्यक्ष कोअरच्या निम्मेच कोअर द्या आणि ८ जीबीतले ३ ते ४ जीबी, जास्त नाही. यजमान स्वॅपवर (रॅम संपून डिस्कवर) गेला की सगळंच रांगतं.

स्नॅपशॉटवाल्या मशीनची प्रत सुरक्षित आहे, तर ते प्रॅक्टिकल्सनंतर स्वतंत्र धाग्यात घेऊ. स्नॅपशॉटच्या फाइलींची नावं आणि तारखा तेवढ्या लिहून ठेवा, आणि व्हीबॉक्समॅनेज शोमीडियमइन्फो प्रत्येक फाइलीवर चालवून "पॅरेंट यूयूआयडी" ची ओळ टिपा. साखळी त्यावरूनच जुळवायची आहे.


पांझराकाठ (धुळे)

पत्त्याचं: व्हर्च्युअलबॉक्स ६.१.२८ पासून लिनक्सवर होस्ट-ओन्लीला फक्त १९२.१६८.५६.०/२१ ही पट्टी चालते, म्हणजे १९२.१६८.५६.१ ते १९२.१६८.६३.२५४. बाहेरचा पत्ता हवा तर परवानगी लिहून द्यावी लागते. /ईटीसी/व्हीबॉक्स हे फोल्डर नसेल तर बनवा, त्यात नेटवर्क्स.कॉन्फ ही फाइल, आणि एकच ओळ:

* १०.१०.०.०/१६

सुरुवातीचा तारा आणि त्यानंतरची मोकळी जागा दोन्ही हवेत, तारा ही टीप नाही, नियमाचाच भाग आहे. एकदा ही फाइल लिहिली की तिच्यातल्याच पट्ट्या चालतात, तेव्हा जुनी ५६ वालीही वापरात असेल तर तिची ओळ खाली जोडा. रिस्टार्ट लागत नाही. मग:

व्हीबॉक्समॅनेज होस्टओन्लीआयएफ आयपीकॉन्फिग व्हीबॉक्सनेट० --आयपी १०.१०.५.१ --नेटमास्क २५५.२५५.२५५.०

आयपीचं: मॅक बदलणं बरोबरच होतं, पण पुरेसं नव्हतं. उबंटू सर्व्हर डीएचसीपीकडे पत्ता मागताना मॅक दाखवत नाही, /ईटीसी/मशीन-आयडी या फाइलीवरून बनवलेली ओळख दाखवतो. तुमचे सगळे गेस्ट एकाच प्रतीतून निघाले, म्हणून सगळ्यांची ओळख एक आणि राउटर सगळ्यांना तोच पत्ता देतो. मूळ प्रतीच्या गेस्टमध्ये:

सुडो ट्रंकेट -एस ० /ईटीसी/मशीन-आयडी

फाइल पुसू नका, रिकामी ठेवा. पुढच्या बूटला ती नव्याने भरली जाते. /व्हार/लिब/डीबस/मशीन-आयडी ही पहिलीकडे बोट दाखवणारी लिंक आहे ना तेवढं एलएस -एल ने बघा, वेगळी फाइल असेल तर काढून लिंक करा. मग गेस्ट बंद करा, चालू न करता त्याच अवस्थेत बाकीच्या मशीन्सवर उतरवा. एकदा चालू केला की नवी ओळख भरली गेली, आणि त्यानंतर काढलेल्या सगळ्या प्रती पुन्हा जुळ्या.

जे गेस्ट आधीच वाटले आहेत त्यांना प्रत्येकी हीच आज्ञा देऊन रिस्टार्ट करा. दोन गेस्टवर होस्टनेमसीटीएल चालवून "मशीन आयडी" ची ओळ ताडून पाहा. वेगळी आली की आयपीही वेगळे येतील.